वहीतली पाककृती काट्यावर

“चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या ह. डाळ, एक वाटी उडीद डाळ, मूठभर मूग डाळ, धने, जिरे. खमंग भाजून दळून आणणे. मोहन बेताचे घालून उकड काढावी. चकल्या मंद आचेवर तळाव्या.”

वहीत चकलीची कृती एवढीच आहे. लिहिणारीला चकली येतच होती, फक्त वर्षातून एकदा लागणारं प्रमाण तिला विसरायचं नव्हतं. तेवढ्यापुरती ही कृती पक्की आहे. पण जिला किंवा ज्याला चकली येत नाही, त्याच्या हातात हा कागद दिला तर ‘खमंग’, ‘बेताचे’ आणि ‘मंद’ या तीन शब्दांपाशी सगळं अडतं.

अशा दोन वह्या आणि काही सुट्या चिठ्ठ्या मिळून साठेक कृती होत्या. त्या दुसऱ्या कुणालाही करता येतील अशा लिहून छापायच्या, असं काम होतं. आम्ही दोघं होतो. एकानं नेहमीच्या हातानं स्वयंपाक करायचा आणि दुसऱ्यानं काटा, घड्याळ, थर्मामीटर घेऊन शेजारी उभं राहायचं. एकट्यानं हे जमत नाही, कारण हात मोकळा असला की चमचाभर काहीतरी न मोजता पडतंच.

सुरुवात वाटीपासून केली. घरातल्या सगळ्या वाट्या काढल्या. एकेक रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि काठोकाठ पाणी भरायचं. पाणी जितके ग्रॅम भरेल तितके मिलिलीटर वाटीचं माप, वेगळं मापपात्र लागत नाही. सगळ्यात लहान वाटी ९५ मिलिलीटरची निघाली, आमटीची मोठी २१० ची. म्हणजे एका ‘वाटी’त दुपटीहून जास्त फरक.

सगळीच मापं वाटीची असतील तर याचा त्रास होत नाही. चार-दोन-एक हे प्रमाण कुठल्याही वाटीनं चार-दोन-एकच राहतं. जिथे वाटीच्या शेजारी लिटर, किलो किंवा नग येतो, तिथे घोटाळा सुरू होतो. “एक नारळ, दोन वाट्या साखर.” “एक लिटर दूध आटवून एक वाटी साखर.” अशा कृतींतूनच वहीतली वाटी केवढी होती याचा माग लागतो. लिटरभर दुधाच्या बासुंदीत लहान वाटीची साखर ८० ग्रॅम होते आणि बासुंदी फिकी लागते. मोठ्या वाटीची १८० ग्रॅम होते, चार चमच्यांत तोंड बांधतं. १२० ग्रॅमच्या आसपास ती नेहमीसारखी लागली. त्यावरून वहीची वाटी १५० मिलिलीटरच्या जवळपासची असावी असं धरलं आणि आणखी तीन कृतींवर ताडून पाहिलं. मग सगळ्या कृतींसाठी १५० मिलिलीटरची एकच वाटी ठरवली. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आपली वाटी पाण्यानं कशी तपासायची ते लिहिलं.

शिवाय प्रत्येक मापापुढे ग्रॅम दिले. परदेशात राहणाऱ्यांसाठी हे फारच गरजेचं आहे. अमेरिकेतला कप साधारण २४० मिलिलीटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा, आणि तिथला टेबलस्पून आपल्यासारखा १५ मिलिलीटरचा नसून २० चा. मोहन, म्हणजे पिठात घालायचं तेल, चार टेबलस्पून लिहिलं की मेलबर्नमध्ये ते २० मिलिलीटर जास्त पडतं. चकलीसाठी एवढा फरक जीवघेणा आहे.

१५० मिलिलीटरच्या सपाट वाटीत आमच्या काट्यावर जे भरलं ते साधारण असं: तांदूळ आणि डाळी १२० ते १२५ ग्रॅम, साखर १२५ ते १३०, बारीक रवा १०५, तूप १३५, खवलेला ओला नारळ न दाबता ५५ ते ६०, अख्खे धने ५०, बारीक मीठ १८०. गुळाला मात्र भरवसा नाही. चिरून सैल भरला तर ९५, दाबून भरला तर १३५. म्हणून गूळ फक्त ग्रॅममध्येच लिहायचा, वाटीत नाहीच, असं ठरवलं. पिठांचंही तेच. चाळलेली भाजणी चमच्यानं वाटीत घातली तर ७५ ग्रॅम, वाटीच डब्यात खुपसून आपटून भरली तर १००. ‘पिठाला जेवढ्यास तेवढं पाणी’ ही सल्ल्यातली नेहमीची ओळ एकीला साधते आणि दुसरीला दगा देते, त्याचं कारण हेच. दोघी वाटीच मोजतात, पण एकीच्या वाटीत पीठ तिसऱ्या हिश्शानं जास्त असतं.

जुन्या वहीत आणखी एक भानगड होती. देशात दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि व्यवहारातून शेर-तोळे जायला पुढची काही वर्षं लागली. वहीच्या सुरुवातीच्या पानांवर म्हणून शेर, पावशेर, छटाक आहेत. ८० तोळ्यांचा शेर धरला तर तो ९३३ ग्रॅमचा, पावशेर २३३ चा, छटाक ५८ ग्रॅमला थोडी वर. पण बाजारात आजही कुणी पावशेर म्हणालं की २५० ग्रॅमच मिळतं, आणि वहीच्या शेवटच्या पानांवरचा पावशेर बहुधा तोच आहे. शाई, अक्षर आणि आजूबाजूच्या कृती पाहून कुठला पावशेर ते ठरवावं लागलं. भाजीत १७ ग्रॅमनं काही बिघडत नाही, म्हणून तिथे फार डोकं लावलं नाही.

तोळ्याचा फसवेपणा जास्त. वजनाचा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आणि सराफाच्या दुकानात हल्ली दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. ‘रुपयाभार दालचिनी’ म्हणजेही तोळाच, कारण इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया बरोबर तोळाभर असे. आजचा रुपया काट्यावर ठेवाल तर त्याच्या निम्मासुद्धा भरणार नाही. शिवाय शेर हे वजनही होतं आणि धान्य मोजायचं मापही. पायली, शेर, मापटं, चिपटं या उतरंडीतला शेर भांड्यानं मोजायचा, तूप-साखरेचा शेर तागडीनं. एकाच कृतीत “एक शेर रवा, एक शेर साखर” असं असेल तर ते दोन वेगळे शेर असू शकतात. त्यातून “चार आण्यांचे वेलदोडे” अशी एक ओळ निघाली. याला तोडगा नाही. चव घेत घेत वेलदोड्यांचं वजन ठरवलं आणि चार आणे सोडून दिले.

मोजायच्या काही युक्त्या हळूहळू सापडल्या. चव बघत बघत मीठ घालणाऱ्याला ‘थांब, आधी मोजू’ म्हटलं की हात बिचकतो आणि नेहमीचं प्रमाण पडत नाही. त्यापेक्षा मिठाची बरणीच काट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा आणि हवं तेवढं घेऊ द्यायचं. शेवटी काटा उणे ७ दाखवतो, म्हणजे ७ ग्रॅम मीठ गेलं. तेल, तिखट, गोडा मसाला सगळं असंच उलट मोजलं. चिमटीसाठी ही युक्तीही चालत नाही, कारण घरगुती काटा दोन-तीन ग्रॅमच्या खाली बेभरवशाचा असतो. मग एका कागदावर हिंगाच्या दहा चिमटी मोजून टाकल्या, एकत्र वजन केलं आणि दहानं भागलं. एका हाताची चिमूट पाव ग्रॅम, दुसऱ्या हाताची जवळजवळ अर्धा ग्रॅम. अंगठा आणि एक बोट, की अंगठा आणि दोन बोटं, एवढ्यावरच ते ठरतं. पुस्तकात ‘पाव चहाचा चमचा’ असं लिहिलं.

आता चकली. तिच्यात आमचे सहा घाणे गेले.

भाजणीसाठी ५०० ग्रॅम तांदूळ, २५० हरभरा डाळ, १२५ उडीद डाळ, ६० मूग डाळ, २५ धने, १० जिरे. मूठभर मूग डाळ म्हणजे ६० कसे? लहान हाताच्या मुठीत ४५ आले, मोठ्या हाताच्या ७०, आणि ६० नं चकली चांगली झाली. तांदूळ धुऊन कापडावर सावलीत पूर्ण वाळवले. हाताला ओल लागत नाही म्हणजे वाळले असं समजून घाई केली तर भाजताना वाफ येते आणि तांदूळ भाजण्याऐवजी शिजायला लागतो. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाचा वेळ वेगळा. जाड बुडाच्या कढईत मध्यम-मंद आचेवर तांदळाला १२ ते १४ मिनिटं लागली. ते फुलून पांढरे होतात, हाताला हलके लागतात, दाताखाली कुरकुरतात. हरभरा डाळीला १० मिनिटं, उडदाला ८, मुगाला ६. धने-जिरे गरम झाले, वास सुटला की उतरवायचे.

‘खमंग’ या शब्दाची फोड करायला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी खूण ठरली ती उडदाच्या डाळीची. भाजायच्या आधी चार दाणे बाजूला ठेवायचे आणि भाजलेल्या डाळीशेजारी धरायचे. रंग पांढऱ्यावरून फिक्या बदामीवर आला की पुरे, तांबूस व्हायला लागली की उशीर झाला. तांबूस डाळीची चकली किंचित कडवट होते आणि तळताना लवकर काळवंडते. उलट, कच्चट राहिलेल्या भाजणीची उकड चिकट येते, सोऱ्यातून नीट पडते, पण तळल्यावर पिठूळ लागते.

गिरणीत भाजणी गव्हावर दळू द्यायची नाही. आधीच्या गव्हाचं पीठ जात्यात अडकलेलं असतं, ते मिसळलं की चकली चिवट होते. ‘तांदळावर किंवा हरभरा डाळीवर दळा’ असं सांगावं लागतं. जरा गर्दीची वेळ टाळून गेलं की गिरणीवालाही ऐकतो. दळण घरी आल्यावर परातीत पसरून गार करायचं. गरम पीठ डब्यात भरलं तर झाकणाला आतून घाम येतो आणि आठवड्यात वास लागतो. ९७० ग्रॅम जिनसांचं पीठ ९१० ग्रॅम परत आलं. भाजताना ओल जाते आणि थोडं जात्यात राहतं. पुस्तकात ‘साधारण ९०० ग्रॅम भाजणी होते’ असं दिलं, म्हणजे डबा केवढा घ्यायचा ते कळतं.

मग ‘बेताचे मोहन’. २५० ग्रॅम भाजणी कायम ठेवली. तिखट २ चहाचे चमचे, हळद अर्धा, ओवा १, तीळ ४, मीठ ६ ग्रॅम. पाणी २०० मिलिलीटर. फक्त तेल बदलत गेलो. १५ मिलिलीटरला चकली सुबक, काटेरी, पण दातांशी भांडणारी. ३० ला खुसखुशीत. ५० मिलिलीटरला काय होतं ते बघण्यासारखं होतं. चकली झाऱ्यावरून तेलात सुटली, क्षणभर तिचं वेटोळं नीट दिसलं, मग काट्यांच्या खाचांतून बारीक फेस यायला लागला, पहिला पदर दुसऱ्यापासून सुटला आणि अर्ध्या मिनिटात कढईत फक्त भुगा तरंगत होता. पिठाचे कण एकमेकांना धरून ठेवतात ते भिजून, उकडून. तेल जास्त झालं की ते कणांवर चढून बसतं आणि पाण्याला आत शिरू देत नाही, मग पकड बसत नाही. तेल कमी असेल तर पकड फारच घट्ट बसते, तीच कडक चकली. म्हणून २५० ग्रॅमला ३० मिलिलीटर. आणि तळताना चकली फसफसून फुटायला लागली तर पुढची घालण्याआधी उरलेल्या पिठात चार-पाच चमचे कोरडी भाजणी आणि लागेल तसं गरम पाणी मिसळून मळायचं, म्हणजे वाया जात नाही.

पाण्यात तेल, मीठ, तिखट, हळद, ओवा, तीळ घालून खळखळून उकळी आणली, गॅस बंद केला, भाजणी एकदम ओतून उलथन्याच्या दांड्यानं ढवळली आणि २० मिनिटं झाकून ठेवली. मग कोमट पाण्याचा हात लावत मळली. या मळण्यात ३० ते ५० मिलिलीटर पाणी आणखी गेलं. हा आकडा पक्का देता येत नाही, कारण जास्त भाजलेलं पीठ जास्त पाणी पितं. त्याला खूण अशी लिहिली: पिठाचा सुपारीएवढा गोळा तळहातावर दाबला तर कडेला बारीक चिरा पडाव्यात, भेगा पडू नयेत. भेगा म्हणजे पाणी कमी, सोऱ्यातून चकलीचे तुकडे पडणार. चिराच नसतील तर पाणी जास्त, चकलीला काटे येणार नाहीत. सगळं पीठ एकदम मळून ठेवलं तर शेवटचं कोरडं पडतं, म्हणून एका सोऱ्यापुरतं घ्यायचं आणि बाकी झाकून ठेवायचं.

तीन वेढ्यांची चकली कच्ची साधारण २५ ग्रॅमची होते. २५० ग्रॅम भाजणीच्या २० झाल्या. तळून प्रत्येकी १७ ग्रॅम भरली.

तळण्याच्या बाबतीत वहीतलं ‘मंद आचेवर’ अर्धं खरं निघालं. मंद आचेवर सुरुवात केली, तेल १४० अंशांना असताना, तर चकली तेल पिऊन जड झाली. १९० ला घातली तर दोन मिनिटांत रंग आला, कढईतून काढल्यावर कुरकुरीत लागली आणि संध्याकाळी वातड झाली. रंगाला फसून ती लवकर काढली गेली होती. बाहेरचा थर वाळला, आतली ओल तशीच राहिली आणि काही तासांत ती बाहेरच्या थरात पसरली. तेल १७० ला आणायचं, कढईत मावतील अशा चारच घालायच्या (तेल आपोआप १५५ च्या आसपास उतरतं), अर्धं मिनिट हात लावायचा नाही, मग आच मध्यम करून उलटायच्या. एकूण सहा ते सात मिनिटं. चकलीच्या रंगावर जायचंच नाही, कारण भाजणी मुळात भाजलेली, त्यात तिखट-हळद. बुडबुड्यांवर जायचं. ते म्हणजे पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय. ते पाणी संपलं की चकली झाली.

इतका वेळ एका कृतीला दिला की मग मोदकांची उकड, पुरण वगैरे भराभर झालं. पुरणाला वहीत “उलथने उभे राहीपर्यंत” अशी खूण होती, ती इतकी चोख आहे की आम्ही एक अक्षर बदललं नाही. उकडीला पिठीच्या जोडीला तांदूळ कुठला, जुना की नवा, एवढं लिहिलं, कारण नवा तांदूळ पाणी कमी ओढतो आणि उकड सैल होते. गोड्या मसाल्यात दगडफुलाला चमचा-वाटी चालत नाही. ते फुगीर असतं, हातानं दाबलं की निम्मं होतं. ग्रॅमच हवेत.

पाकातल्या रव्याच्या लाडवांपाशी मात्र पुन्हा थांबावं लागलं. २५० ग्रॅम बारीक रवा, ७५ ग्रॅम तूप, ८० ग्रॅम ओला नारळ, २०० ग्रॅम साखर, १०० मिलिलीटर पाणी. रवा तुपावर मंद आचेवर १२ मिनिटं, मग नारळ घालून आणखी ४. “एकतारी पाक करून ओतावा,” असं वहीत. तार बघायची म्हणजे थेंबभर पाक बशीत घ्यायचा, थोडा निवू द्यायचा, अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळू लांब करायची. एक तार ताणली जाऊन न तुटता टिकली की झालं. पण हे बघेपर्यंत पातेल्यातला पाक उकळतच असतो आणि पुढे जातो. तार बघताना गॅस बंद करायचा, ही ओळ कुठल्याच वहीत नव्हती.

थर्मामीटरवर मुंबईत हा पाक १०६ अंशांच्या आसपास मिळाला. मात्र हा आकडा तसाच छापला असता तर घाटावरच्यांचे लाडू दगड झाले असते. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, तिथे पाणीच ९८ अंशांना उकळतं. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, ९५-९६ ला. तिथे पाक १०६ वर पोचेपर्यंत त्यातलं पाणी बरंच जास्त उडालेलं असतं. म्हणून आधी नुसतं पाणी उकळून थर्मामीटर काय दाखवतो ते पाहायचं आणि त्यात सहा अंश मिळवायचे. थर्मामीटरच चुकीचा असेल तर तेही यात धरलं जातं.

थर्मामीटर नसलेल्यांसाठी काटा पुरतो. पातेल्याचं वजन आधी करून ठेवायचं. साखर-पाणी मिळून ३०० ग्रॅम असतात. उकळता उकळता पातेल्यासकट उचलून काट्यावर ठेवायचं (खाली जाड कापड घेऊन काटा शून्यावर आणायचा, नाहीतर काटा तापतो), पाक २७५ ग्रॅम उरला की थांबायचं. आमचा पाक दर वेळी २७२ ते २७८ मध्ये एकतारी निघाला. २५० पर्यंत आटू दिला तेव्हा लाडू फोडायला बत्ता लागला असता.

पाक ओतल्यावर मिश्रण पातळ दिसतं आणि इथेच घाबरून लोक वरून रवा घालतात. घालू नये. रवा पाणी शोषतो, निवताना साखरेचे बारीक कण पुन्हा धरतात आणि त्यानंच लाडू बांधला जातो. दीड तास झाकून ठेवायचं, दर वीस मिनिटांनी ढवळायचं. दोन तासांनंतरही सैलच असेल तर पाक कच्चा राहिला. मिश्रण पुन्हा मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतायचं. भगराळ झालं तर दोन चमचे गरम दूध शिंपडायचं, पण मग ते लाडू तीन-चार दिवसांतच संपवायचे.

लिहिण्याचं काम शेवटी केलं आणि त्यात वाटलं होतं त्याहून जास्त खाचा निघाल्या. “एक वाटी भिजवलेली मूग डाळ” आणि “एक वाटी मूग डाळ, भिजवून” यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. “दोन वाट्या कोथिंबीर, चिरून” म्हणजे जुडीभर पानं की चिरल्यावर दोन वाट्या? दर वेळी मोजणं आधी की चिरणं आधी ते स्पष्ट केलं. जिनसांची यादी ज्या क्रमानं पडतात त्या क्रमानं लावली. मीठ यादीत सगळ्यांच्या शेवटी टाकायची सवय सोडली, कारण उकडीत ते पहिल्यांदा पाण्यात जातं. ‘मंद आच’ जिथे जिथे आली तिथे वेळ आणि खूण दोन्ही दिल्या. एका घरातला मोठा बर्नर दुसऱ्या घरातल्या लहान बर्नरच्या दुप्पट तापतो, त्यामुळे नुसत्या मिनिटांना अर्थ नाही. नुसत्या खुणेनंही भागत नाही, कारण नवख्याला खूण दोन मिनिटांत दिसावी की वीस, याचाच अंदाज नसतो. कढई केवढी, लोखंडी की नॉनस्टिक, हेही लिहिलं.

मग प्रत्येक कृती अशा माणसाला दिली ज्यानं तो पदार्थ फक्त खाल्ला होता. अट एकच, आम्हाला फोन करायचा नाही, अडलं तर समासात लिहायचं आणि सुचेल तसं पुढे जायचं. चकलीच्या पानावर समासात चौदा प्रश्न आले. “मळायचं किती वेळ?” “सोऱ्याला आतून तेल लावायचं का?” “प्लॅस्टिकवर पाडायच्या की कागदावर?” आणि “बुडबुडे कमी होतील म्हणजे किती?” हा शेवटचा प्रश्न आम्हाला कढईपाशी परत घेऊन गेला. पाहून कळेना, म्हणून ऐकलं. चकली पडते तेव्हा आवाज जोरदार सरीसारखा, मधे तो चुरचुरीवर येतो, आणि शेवटी इतका बसतो की शेजारी ठेवलेल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. पुस्तकात घड्याळ घेतलं नाही. “बोलायचं थांबलं तरच ऐकू येईल एवढी चुरचुर” असं लिहिलं. दुसऱ्या फेरीत तो प्रश्न आला नाही. सोऱ्याचा आला, कारण त्याचं उत्तर लिहायचं राहूनच गेलं होतं. हो, आतून तेल लावायचं.

सगळ्या कृती काही या चाळणीतून पार झाल्या नाहीत. अनरसे तीनदा फसकले आणि चौथ्यांदा झाले, पण का झाले ते सांगता येईना, म्हणून ते पान काढलं. जे आपल्यालाच दुसऱ्यांदा जमेल याची खात्री नाही, ते छापायचं कसं? कैरीच्या लोणच्याचं पान अजून कोरं आहे. वहीत “एक किलो फोडींना वाटीभर मीठ” आहे. बारीक मीठ वाटीभर घेतलं तर १८० ग्रॅम भरतं, जाडं मीठ १५० ते १६० च्या आसपास, आणि लिहिणारीकडे कुठलं होतं ते कळायला मार्ग नाही. मे महिन्यात किलो-किलोच्या दोन बरण्या घातल्या आहेत, दोन्हींना एकाच झाडाच्या कैऱ्या, एकच मसाला, एकाच घाण्यातलं तेल. एकीच्या दादऱ्यावर, म्हणजे तोंडाला बांधलेल्या फडक्यावर, १५० लिहिलंय, दुसरीच्या १८०. पाऊस संपेपर्यंत त्या उघडायच्या नाहीत.